कोरडा राहिलेला रोबोट

अप्पा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. घरातल्या सगळ्यांना दोन-दोनदा सांगून झाली, आता मी तोंड उघडलं की सून उठून भाजी निवडायला जाते. म्हणून तुम्हाला. तुमची पणती, म्हणजे माझ्या लेकाची पोरगी, बाहुले रंगवते. जत्रेतले मातीचे नव्हेत. प्लास्टिकचे शिपाई, वीतभर उंचीचे, कोपरात आणि गुडघ्यात वाकणारे, परदेशात बनलेले. मोठी शिकलेली माणसं ते जमवतात, काचेच्या कपाटात ठेवतात, स्वतःच्या पोरांना हात लावू देत नाहीत. ही त्यातले जुने, रंग उडालेले विकत घेते, साबणाच्या पाण्यात भिजवते, दाताच्या ब्रशनं घासते आणि शिपायाचा रोबोट करते. रोबोट म्हणजे लोखंडाचा माणूस, त्याला जेवण लागत नाही, वीज लागते. पोरगी घरात बसून कंप्युटरवर बेंगळूरच्या कंपनीचं काम करते आणि ते संपलं की माडीवर रंग घेऊन बसते. शेजारची म्हणाली, "लग्नाच्या वयाची पोरगी बाहुल्या खेळायलीय व्हय गं?" मी म्हणाले, "खेळत न्हाई, रंगवायलीय. ये की बघायला." आली ती आली, चहाही आमच्याकडंच प्याली, घरी दूध उतू गेलं तिचं.

बघण्यासारखंच असतं, अप्पा. आधी सगळा बाहुला काळा करते. मला वाटलं, वाया घालवला. मग ब्रश चंदेरी रंगात बुडवून कागदावर पुसून टाकते, इतका की रंग उरलाच नाही वाटतं, आणि तोच कोरडा ब्रश बाहुल्यावरून फिरवते. जिथं उंचवटा तिथं चांदी उठते, खळगे काळेच राहतात, आणि बघता बघता प्लास्टिकचं लोखंड होतं. हा जो रोबोट ती करत होती, तो ऊसतोडीचा. हाताच्या जागी कोयता, छातीवर कोटाच्या बटणाचा दिवा, गुडघ्याला स्पंजानं लावलेला गंज. मी विचारलं, "गुडघ्यालाच कामून गं?" तर म्हणते, "आज्जी, चिखलात वाकून वाकून. आपल्या कारखान्याच्या वाटेवर बघितली न्हाईस का माणसं?" मी तिच्या शेजारी रंगाच्या बाटल्या धरून बसायचे. चिमुकल्या बाटल्या, नाकात घालायच्या औषधाएवढ्या.

बाटली धरली की मला कारहुणवी आठवायची, आपला बैलांचा सण. सकाळी बैल धुऊन आणलेले, अंगावरून अजून पाणी निथळतंय, माय चुलीवर पुरण शिजवतेय आणि तुम्ही शिंदीची काडी दातानं चावून तिचा कुंचला करताय. मी वाटी धरून उभी. तांबड्या रंगाचा पट्टा, मग पिवळा, मग हिरवा, टोकाला चमचमता बेगड. एकदा मी कुंचला उचलून एक हिरवा ठिपका दिला तर तुम्ही म्हणालात, "पोरीनं वाटी धरायची. शिंगाला हात न्हाई लावायचा." रागानं नाही बोललात, पण बोललात. आणि ते वर्ष आठवतं, ढवळ्याच्या पायाला जखम होती. तो मिरवणुकीत जाणार नव्हता, तर काका म्हणाले, त्याला कशाला रंगवायलास, रंग वाया.  तुम्ही दुसऱ्या बैलाचं झाल्यावर गोठ्यात गेलात आणि बसलेल्या ढवळ्यापुढं उकिडवे बसून त्याची दोन्ही शिंगं रंगवलीत, बेगडसुद्धा लावलात. बाहेर येऊन म्हणालात, "जोडीतला एकच नटवला तर दुसरा रात्रभर त्याच्याकडं बघत बसतंय." आपल्या गल्लीत तेव्हापासून सगळे तसंच करायचे. आता गल्लीत बैलच नाहीत, ट्रॅक्टर आहे, त्याला हार घालतात.

तर झालं असं. हैदराबादला ह्या बाहुलेवाल्यांचा मेळा होता, त्यात रंगवलेल्या बाहुल्यांची स्पर्धा. पोरगी महिनाभर त्याच नादात. ऊसतोड्या रोबोट तयार झाला, मेजावर उभा केला, आणि ती कसल्या तरी कामाला बिदरला गेली. मी माडीवर झाडायला गेले. बघते तर रोबोटच्या शेजारी अगदी तसाच दुसरा, तीच उंची, तेच खांदे, पण साधा शिपाई. हिरवा सदरा, गुलाबी तोंड. एक नटलेला आणि एक कोरडा. मला वाटलं, पोरीला वेळ पुरला नाही. मेळा चार दिवसांवर आलाय, आपण तेवढा हातभार लावू. बाटल्या होत्याच, ब्रश होते, ती कशी करते ते महिनाभर डोळ्यानं पिऊन घेतलेलं. काळा दिला, कोरड्या ब्रशनं चांदी उठवली. उठली हो अप्पा, माझ्या हातानं उठली. मग हात थांबेना. दोन्ही दंडांवर तांबडा, पिवळा, हिरवा पट्टा ओढला, आणि छातीवर देवघरातल्या जुन्या माळेचा बेगड कापून चिकटवला.

पोरगी बसमधून उतरून आली आणि वर गेली. मी हौसेनं मागं गेले. ती खाली बसलेली. "आज्जी, हे कामून रंगवलीस?" म्हणाली. मग कळलं. तो शिपाई कोरडा नव्हता, तो अस्सल होता. कंपनीचा मूळ रंग जसाच्या तसा असलेला आता कुठं मिळत नाही. रंगवलेल्याच्या शेजारी मूळचा उभा करायचा, म्हणजे काय होतं नि काय केलं ते दिसतं, असा त्या स्पर्धेचा नियम. वर्षभर शोधून एका जमवणाऱ्याकडून आपले तीन बाहुले देऊन तो एक तिनं आणला होता. स्पिरिटनं माझा रंग गेला असता, पण त्याच्याबरोबर खालचा मूळ रंगही गेला असता. जेवताना ती भाकरीचे तुकडे करत राहिली. लेक म्हणाला, "माय, बरं झालं बाई टीव्हीला शिंगं न्हाईत." कुणी हसलं नाही. मी तिला ढवळ्याचं सांगितलं, जसं झालं तसं. माफ कर म्हणावं तर शब्द तोकडा पडत होता, म्हणून गोष्ट सांगितली. ती ऐकत होती की नाही, कळेना.

सकाळी मी भाकरी थापायलेय तर ही दोन्ही बाहुले दोन हातात घेऊन चुलीपाशी. "आज्जी, ह्यातला उजवा कुठला अन् डावा कुठला?" अप्पा, पीठ हातालाच राहिलं माझ्या. मी म्हणाले, "तुझा उजवा. शांत हाय. माझा डावा, जरा भडक हाय." ती गेली आणि काडीपेटीएवढ्या लाकडाचं जू कोरून दोघांच्या खांद्यावर बसवलं तिनं. माना फिरवून एकमेकांकडं वळवल्या.

स्पर्धेत घेतलं नाही, नियम तो नियम. पण तिथल्या एका बाईनं दाराजवळ एक रिकामं टेबल दिलं, नुसतं बघायला ठेवा म्हणून. मीही गेले होते, नवं इरकल नेसून. एवढाले दाढीवाले बाप्ये बाहुल्यांपुढं वाकून बघतात, मला हसूच आवरेना. आणि अप्पा, आमच्या टेबलापुढून माणूस हलत नव्हता. एक जण म्हणाला, "अम्मा, ये पट्टेवाला अकेला दे देव." मी बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "जोडी है, अंकल. अलग नक्को करो." तिचा चेहरा बघायला पाहिजे होतात तुम्ही. तिथंच ती माझ्या कानात म्हणाली, पुढची जोडी आपण दोघी मिळून करू, एक तुझा, एक माझा. त्यापायीच काल दुपारी दोन नवे आलेत, साबणात भिजत पडलेत. मला धीर निघत नाही, मघापासून दोनदा उठून बघून आले.

हा कागद कुठं टपालात टाकायचा नाही, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. तिसरीपर्यंतचं माझं अक्षर, तुम्हालासुद्धा वाचता आलं नसतं. एक तेवढं सांगते. त्या माणसानं पुढं विचारलं, "अम्मा, किससे सीखे?" पोरगी माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "हमारे अप्पा से. हाथ पकड के सिखाए." पोरीला ते खरं वाटलंय, आता भेटेल त्याला सांगत सुटलीय. आणि मी काही ते दुरुस्त करणार नाही.