हवालदाराच्या मुलीचा फॉर्म

आबा,

मला परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती, आणि मंगळवारी ती गेली. एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला चार दिवस लागले. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. वर्गात हजेरी घेताना एकाच मुलीचं नाव दोनदा पुकारते. काल कुकर झाकण न लावताच गॅसवर चढवला आणि शिट्टी का होत नाही म्हणून बघत उभी राहिले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. घरात एवढी जिवंत माणसं असताना हे मी तुम्हाला का सांगतेय, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण आहे, पण ते लगेच सांगायची हिंमत नाही, जरा दमानं घ्या.

पूर्वेकडचा एक देश आहे. नाव घेत नाही, घेतलं की परत संताप येतो. तिथल्या एका खासगी शाळेला इंग्रजीचा शिक्षक हवा होता, एका वर्षासाठी. मी कुंडलला ज्युनिअर कॉलेजात चौदा वर्षं इंग्रजी शिकवतेय, एम.ए. झालेय, बी.एड. झालेय, आणि अकरावीची साठ साठ पोरं एका वर्गात गप्प बसवतेय. म्हटलं, बघू या की अर्ज करून. माझे हे म्हणाले, "जाऊन ये वर्षभर. पोरं मी सांभाळतो. भाकरी येत न्हाई मला, पन भात येतोय." मग मोबाईलवर मुलाखत झाली, नंतर त्यांच्याच मुलांपुढं वीस मिनिटांचा तास घ्यायला लावला. बाजारात भाजी घेण्यावर मी तास घेतला. पलीकडची ती बारकी पोरं घासाघीस करायला अशी शिकली, की त्यांच्या मुख्याध्यापिका बाई स्वतः टोमॅटोचा भाव पाडायला पुढं आल्या!

त्या बाईंनी मला एकच प्रश्न वाकडा विचारला होता. म्हणजे तेव्हा तो तेवढा वाकडा वाटला नाही. "तुम्ही सध्या भारतात कुठं राहता?" मी म्हणाले, सांगली जिल्ह्यात. त्यांना सांगली ऐकू येईना. मग मी तुमच्या वायरलेसच्या पद्धतीनं एकेक अक्षर फोड करून सांगितलं, सिएरा, अल्फा, नोव्हेंबर, गोल्फ, लिमा, इंडिया. बाई खूश! म्हणाल्या, इतकं स्वच्छ कुणी सांगत नाही हो. त्यातला तो 'सध्या' माझ्या कानाला लागला होता, आबा. सध्या कशाला? मी तर इथलीच. पण मी हसून मान डोलावली आणि पुढं गेले.

इंग्रजी माझ्या कानावर पहिल्यांदा पडलं ते शाळेत नव्हे, आपल्या पाटणकडच्या घरात, चुलीपुढं. तुम्ही फौजेत वायरलेसवर. रजेवर आलात की संध्याकाळी पाट टाकून बसता, मला पुढ्यात घेता आणि विचारता, "ए म्हंजी?" मी ओरडते, "अल्फा!" "बी?" "ब्राव्हो!" आई काटवटीत भाकरी थापतेय आणि तिलाही ऐकून ऐकून सगळं पाठ झालंय. भाकरी टम्म फुगली की ती म्हणते, "भाकरी तयार, ओव्हर," आणि तुम्ही ताट पुढं सरकवून म्हणता, "रॉजर," म्हणजे निरोप पोचला. पाचवीत गुरुजींनी फळ्यावर ए काढला आणि कशाचा ए म्हणून विचारलं, तेव्हा मी उभी राहून अल्फाचा म्हणून सांगितलं. सगळा वर्ग खो खो हसला. मी रडत घरी आले. तुम्ही रजेवर होता. तुम्ही बूट पुसता पुसता म्हणालात, "तुजं बरूबर हाय. गोळीबारात ॲपल कुनाला ऐकू येत न्हाई."

निवड झाल्याचं मी आईला फोनवर सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. व्हिसा यायचा बाकी होता, पण आपल्याकडं सत्कार कधी कागदाची वाट बघतो का? धाकट्या भावानं दोन दिवसांत फ्लेक्स करून गावातल्या एसटी स्टँडवर लावला. केवढा फ्लेक्स, आबा! माझा फोटो, पाठीमागं विमान, खाली भावकीतल्या झाडून सगळ्यांची तोंडं. आणि वर डाव्या कोपऱ्यात तुम्ही, गणवेशात, छातीवर पदकांसकट. तुमच्याखाली लिहिलंय, प्रेरणास्थान. मला गावात बोलावलं, फेटा बांधला, शाल, नारळ सगळं झालं. तुमच्याबरोबर फौजेत असलेले काका भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या हवालदाराची पोरगी आता परदेशातल्या लोकास्नी इंग्रजी शिकिवनार! हाय का न्हाई गंमत?" टाळ्या थांबेनात. आई पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. मला लय भारी वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी स्वतःला फार मोठी समजले.

मग त्या शाळेनं पासपोर्टची प्रत मागवली. मी पाठवली. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी डबा उघडला आणि मेल आला. इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा आमच्याकडे फक्त सात देशांच्या नागरिकांना मिळतो. तुमचा पासपोर्ट भारताचा आहे. आम्हाला खेद आहे. त्याच्याखाली आणखी एक वाक्य होतं. ते शेवटी सांगते, आत्ता हात धजत नाही. माझ्या हातातला घास हातातच राहिला. शेजारच्या मॅडमनी विचारलं, कुणी गेलं का? मी नाही म्हणाले आणि डबा बंद केला. माझं इंग्रजी वाईट आहे असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते, नाहीतर सुधारले असते. तास पडला म्हणाले असते तर दुसरा घेऊन दाखवला असता. पण पासपोर्टचं काय करू?

मी जाहिरात परत काढून वाचली. त्यात देशांची यादी कुठंच नव्हती. मग त्या देशाचा नियम शोधला, तिथं मात्र ती होती, सात देश, एकाखाली एक. त्यातल्या कुठल्याही देशाचा माणूस चालतो. पदवी कसलीही चालते, पूल बांधायची असली तरी. आयुष्यात खडू हातात धरला नसला तरी चालतो. अहो, काय हे! मी तो नियम तीनदा वाचला, म्हटलं माझ्याच वाचण्यात काहीतरी चुकतंय, इंग्रजीची बाई ना मी! चुकत काहीच नव्हतं. घरी येऊन पासपोर्ट कपाटातून काढला. वरचे सिंह बघितले आणि तुमच्या टोपीवरचे आठवले. चोवीस वर्षं तुम्ही त्यांच्यासाठी बर्फात उभे राहिलात. पायाची दोन बोटं तिकडंच राहिली. आणि कुठल्यातरी खिडकीतला माणूस ते सिंह बघून म्हणतो, ही बाई ए बी सी डी शिकवायला चालणार नाही. मी पासपोर्ट परत कपाटात टाकला, आबा. रडूसुद्धा आलं नाही.

आईला बुधवारी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी आपला पासपोर्ट खोटा हाय व्हय?"

"खोटा नाही गं आई. फक्त त्यांना तो चालत नाही."

"का चालत न्हाई? सरकारनंच दिलाय न्हवं?"

"सरकारनंच दिलाय."

"मग त्यांनी आधीच इचारायचं न्हाई का, तू कुठली, कुनाची? एवढा तास घ्यूस्तोवर त्यास्नी काय झोप लागल्याली?"

मी म्हणाले, "नाही विचारलं, आई." आणि फोन ठेवला. हे दुसरं खोटं. पहिलं कुठलं, ते आता सांगते. पण आधी नववीतलं ते सांगू द्या, कारण ते तुम्हाला माहीतच आहे आणि मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही.

नववीत आमचं शिबिर होतं, साताऱ्याला. त्याचा फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी लिहिलं, आर्मी ऑफिसर. माझ्या बाकावरच्या मुलीचे वडील डॉक्टर होते, दुसरीचे इंजिनिअर. तुम्ही नुकतेच पेन्शनीवर आला होता. सही करायला फॉर्म हातात घेतलात, वाचलात, आणि चुलीपुढच्या पाटावर नुसता ठेवून दिलात. मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही ओरडलासुद्धा नाही. म्हणालात, "मी हवालदार हाय. हवालदार लिवताना पेन अडतंय का तुजं?" मी मान खाली घातली. आईनं भाकरी उलटायची थांबवली होती, ती करपल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याबरोबर चालत शाळेत आलात, क्लार्ककडून नवा फॉर्म मागून घेतलात आणि तिथंच बाकावर बसवून माझ्याकडून लिहून घेतलंत, हवालदार, निवृत्त. अक्षर वाकडं आलं म्हणून परत लिहायला लावलंत. घरी येताना वाटेत एकच वाक्य बोललात, "पोरी, कागदावर आपन हाय तसंच दिसावं." त्या दिवसापासून मी कुठल्याही कागदावर खोटं लिहिलं नाही, अशी माझी समजूत होती. मी वर्गातल्या पोरांना हा किस्सा सांगते. अभिमानानं सांगते, दरवर्षी.

गुरुवारी धाकट्याला फोन केला, म्हटलं, बाबा, तो फ्लेक्स उतरव. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे की ताई. आबांचा फोटो हाय त्येच्यावर. आई रोज डेरीला दूध घालाय जाताना तिथं थांबती, हात जोडती. मी काय सांगू तिला, का काढला म्हनून?" फ्लेक्स तिथंच आहे. तुम्ही तिथंच आहात, स्टँडवर, गणवेशात, माझ्या डोक्याच्या वर.

आता ते वाक्य. मेलमधलं शेवटचं. "आपण अर्जात आपली मातृभाषा इंग्रजी असल्याचे लिहिले होते, त्यामुळे आपण त्या सात देशांपैकी एकाच्या नागरिक असून सध्या भारतात राहता, असा आमचा समज झाला."

लिहिलं होतं, आबा. मीच. जाहिरातीत म्हटलं होतं, मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांना प्राधान्य. अर्ज भरताना त्या रकान्याशी आले आणि टाईप करू लागले. माइक, अल्फा, मराठीची पहिली दोन अक्षरं झाली. मग खोडली. मनाला म्हटलं, एवढ्यानं काय होतंय, इंग्रजी तर मी बापाच्या मांडीवर शिकलेय, म्हणजे जवळजवळ मातृभाषाच की. असं काहीबाही म्हटलं आणि इंग्रजी लिहून पुढचा रकाना उघडला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. म्हणजे मुलाखत, तो तास, बाईंचं ते 'सध्या', फेटा, शाल, काकांचं भाषण, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं. तो नियम नालायक आहे, आबा, मरेपर्यंत मी तसंच म्हणेन. चार दिवस मी त्याच्यावरच आगपाखड करतेय, भेटेल त्याला सांगतेय, सगळे हळहळतायत. पण त्या नियमानं मला नाकारायच्या आधी मी काय केलं होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. मेल वाचून जो धक्का बसला, त्यातला निम्मा पासपोर्टचा होता. उरलेला या वाक्याचा होता, आणि तो अजून उतरत नाही.

हे पत्र कुठं पाठवू? पाठवायचं नाहीच आहे. आज दुपारी आईचा फोन आला होता, माझं दुःख हलकं करावं म्हणून मुद्दाम म्हणाली, "इकडं ये चार दिस. भाकरी तयार, ओव्हर." मला रॉजर म्हणता आलं नाही. तुम्ही नववीत विचारलं होतं, पेन अडतंय का तुजं, आणि मी मान खाली घालून गप्प बसले होते. व्हय आबा, अडलं. आईची भाषा लिहिताना अडलं, आणि आईला मी अजून फक्त पासपोर्टचंच सांगितलंय.