सोबतीला मावशी

३ तारीख, सोमवार
आले एकदाची! इथली बदली म्हणजे शिक्षाच, असं सगळ्यांनी मनात भरवलं होतं. पण दवाखाना झकास आहे. दोन हवेशीर खोल्या, मागे विहीर, दाराला धड कडी. नर्स मीच, झाडूवाली मीच, वायरमनही मीच. एक ना धड, भाराभर चिंध्या! मनोविकारांचे डॉक्टर शहरात बसतात आणि सोमवारी-गुरुवारी पडद्यावर येतात. पेशंट कॅमेऱ्यासमोर खुर्चीत, मी बाजूला. डॉक्टर सज्जन वाटले. नियम मात्र पक्का: सोबत घरचं माणूस नसेल तर औषध नाही. पेशंटला स्वतःचं काय कळतंय, घरच्यांना विचारावं, असं त्यांचं म्हणणं.

६ तारीख, गुरुवार
आज शिंपीणबाई आल्या. नवरा गेल्यापासून झोप नाही, मशीनवर हात थरथरतो. हात थांबले की पोट थांबलं. पुढेमागे कुणी नाही, मग औषध कसं मिळायचं? तेवढ्यात डॉक्टरांनीच विचारलं, खुर्चीमागे उभ्या आहेत त्या कोण? मागे तर नुसती भिंत. रेंजचा घोळ असेल, पण आयतीच सोय झाली. मी ठोकून दिलं, त्यांच्या मावशी आहेत. औषध मिळालं. बाहेर येऊन आम्ही दोघी पोट धरून हसलो. अशी फुकटची मावशी सगळ्यांना मिळो, म्हणाल्या.

१३ तारीख, गुरुवार
शिंपीणबाई खुलल्यात. झोप लागतेय, माझा उसवलेला ॲप्रन शिवून आणला. डॉक्टर त्यांच्याशी दोन शब्द बोलले आणि मग म्हणाले, आता मावशी, तुम्ही सांगा. नंतर बराच वेळ मान डोलावत ऐकत राहिले. खोलीत तर कुणीच बोलत नव्हतं. मग त्यांनी मला झापलं, बाई घरात कात्री घेऊन फिरतात हे का लपवलं? गोळ्या दुप्पट केल्या. मी कबूल केलं की मावशी कुणी नाहीच, मी थाप मारली होती. ते समजूतदारपणे हसले. पेशंटची बाजू घेणं चांगलं, पण मावशी समोर दिसतायत ना, म्हणाले. बाई रडकुंडीला आल्या होत्या. वाढीव गोळ्या मी त्यांना दिल्याच नाहीत, कपाटात कुलूप लावून ठेवल्यात.

२० तारीख, गुरुवार
बाईंची जीभ जड झालीय. लाळ गळते, सुईत दोरा ओवता येत नाही. काय घेतलंत विचारलं, तर म्हणाल्या, मावशी भरवते. धावत जाऊन कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं, पाकीट रिकामं. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

२४ तारीख, सोमवार
सुतार आपल्या सख्ख्या भावाला घेऊन आला. डॉक्टर भावाशी बोललेच नाहीत. मावशींशी बोलले. सुताराच्याही गोळ्या दुप्पट —

२७ तारीख, गुरुवार
शिंपीणबाईंना शहरातल्या इस्पितळात नेलं. कायमचं, असं गाडीवाला म्हणाला. संमती मावशींनी दिली म्हणे. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मारलेली एक थाप, आणि — कॅमेऱ्याची वायर उपटून विहिरीत टाकलीय.

२८ तारीख
आज शुक्रवार. तरी पडदा सुरू झालाय. वायर नाही, तरी —

डॉक्टर म्हणतात, सिस्टर, आज तुम्ही खुर्चीत बसा. मावशींना तुमची काळजी वाटतेय. समोरचं माणूस तुम्हाला दिसत नाही म्हणे.

दादाला फोन लावला. म्हणाला, मावशीशी बोलणं झालंय, ती सांगेल तसं वाग. आईला बहीणच नव्हती. दादाला ठाऊक आहे, आईला बहीण —

दाराची कडी निघत नाही.

मी बसलेली नाही. भिंतीला टेकून उभी आहे, उभ्यानेच लिहितेय. पण पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत खुर्ची दिसतेय, आणि तिच्यात मी —

खांद्यावर हात आहे. गार. तोंडाशी काहीतरी कडू —

डॉक्टर मावशींना हळू आवाजात सांगतायत, तोंड उघडत नसेल तर नाक दाबून धरा, म्हणजे आपोआप