रिकामा डबा परत न करण्याचे परिणाम

१२ ऑक्टोबर १९८६

ती. शरयूताईस साष्टांग नमस्कार,

कॉन्व्हेंटच्या जेवणघरात सिस्टरांच्या टेबलाखालून उंदीर निघाला होता, आठवतं? तू त्याला हॅटखाली पकडून बागेत सोडलंस आणि मी प्रार्थनेची घंटा होईपर्यंत बाकावरून उतरले नाही. अजून त्याच बाकावर उभी आहे असं समज. या खेपेचं जनावर मात्र घोड्याएवढं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला?

इथे अमेरिकेत राजीवच्या शेजारी ग्लेन नावाचे गृहस्थ राहतात. गणपतीत त्यांना लाडू दिले, तर डबा धुऊन, पुसून, रिकामा परत. मी (नको तिथे शिकवायची खोड) सांगून बसले की आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. बिचाऱ्यांनी फारच मनावर घेतलं. आधी टोमॅटो आले, मग अक्रोड, आणि गेल्या आठवड्यात एक पिवळा कागद. तो एल्कच्या शिकारीचा टॅग, म्हणजे परवाना, निघाला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, आणि एका टॅगवर एकच मारायचा. अकरा वर्षं अर्ज केल्यावर यंदा सोडतीत त्यांचं नाव लागलं आणि नेमकी पाठ धरली. असा टॅग लहान मुलाला किंवा अपंग माजी सैनिकाला देता येतो म्हणे. सोबतच्या फॉर्मवर आपल्या रुपालीचं नाव! फक्त राजीवची सही बाकी.

राजीव म्हणतो, "आई, केवढा ऑनर आहे! नाही कसं म्हणायचं?" तेरा वर्षांची नात नेमबाजीच्या वर्गात पत्र्याचे डबे पाडते, पण डब्याला डोळे नसतात गं. काल मी मेथी निवडत होते, तर शेजारी येऊन हळूच म्हणाली, "आजी, आय डोन्ट वॉन्ट टू. पण ग्लेन विल क्राय."

बंदुकीची भीती आहे, अस्वलांची आहे, पण सगळ्यांत मोठी भीती ही की पोर माझ्यासारखी घाबरत घाबरत दुसऱ्यांची मनं राखायला शिकेल. नकार सांगायला तीनदा कुंपणापर्यंत गेले. पहिल्यांदा हवेबद्दल बोलले, दुसऱ्यांदा त्यांच्या पाठीबद्दल, तिसऱ्यांदा लाडू देऊन आले. (म्हणजे डबा पुन्हा त्यांच्याकडे आहे, आणि आता त्यातून काय येईल या विचारानेच धडधडतं.)

तुझी,
मालू

ता. क. डबा आला. आत नारिंगी टोपी, "आजींसाठी". मला इतकी धडकी भरली की खरं तेच तोंडून निघून गेलं: पोर घाबरलीये, मीही. ग्लेन पायरीवर बसले. म्हणाले, पहिल्या शिकारीला मी वडिलांच्या बुटांवर ओकलो होतो. मग नवा फॉर्म काढून त्यावर हँकचं नाव घातलं. हँक त्यांचा मित्र, व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय गेलेला. तो कबूल झाला, पण अट घातली की तंबूत लाडू हवेत आणि ते करणारी बाईही. रुपाली तर आता आनंदाने निघाली आहे, स्वयंपाकाला! शनिवारी जातो.

ता. क. २ जंगलात भडक नारिंगी घालावं लागतं, नाहीतर जनावर समजून गोळी बसते. टोपीपुरतं भागलं, बाकीचं आपलं आपण. तुझ्या पद्मिनीच्या लग्नापासून तू जी नारिंगी इरकल शोधते आहेस, जिच्यापायी धोब्याशी बोलणं टाकलंस, ती माझ्याकडे आहे. मी परत आले नाही तर मोत्यांच्या कुड्या रुपालीला, प्रार्थनेचं पुस्तक पद्मिनीला, डबा ग्लेनना (भरून) आणि साडी तुला. परत आले तर साडी माझी. धोब्याची माफी तेवढी तू माग.