व्हुएल्ता आबाहोची रोपं

१२ सप्टें. १९७८, मंगळवार
लागवडीसाठी वाफ्यातली रोपं उपटायला सुरुवात. साहेबांचं डोकं सकाळपासून गरम. हैदराबादची नोकरी संपवून हा माणूस पिंगळीच्या काळ्या रानात सिगारची तंबाखू पिकवायला बसलाय. बी क्यूबाचं. पाकिटावर नाव, व्हुएल्ता आबाहो. सा. म्हणतात तिकडच्या एका मुलखाचं नाव आहे, तिथल्या पानाला जगात तोड नाही, आन व्यापारी कुठल्याबी देशाचा असो, तोंडात नाव हेच. माझी तर जीभच वळंना.
नियम दोन. वाफ्यावर तंबाखू-विडी बंद. रोपाला हात लावायच्या आधी हात दुधात बुडवायचे. तंबाखू खाल्लेल्या हातानं रोपाला रोग जातो म्हणे. ह्यावर लक्ष ठेवायचं काम मुकादमाचं, म्हंजे माझं. आन चंची माझ्याच खिशात!
दुधाचं भगोणं एकच होतं. बायका थांबल्या. कौसाबाई बौद्धवाड्याची, तिच्यामागून भगोण्यात हात कोण घालणार. शेवटी मीच जर्मनची वाटी आणून तिच्यापुढं ठेवली. तिनं त्यात हात बुडवले आन वाफ्याकडं गेली.

१४ सप्टें.
लागवड. विहिरीकडची चार तासं, म्हंजे ओळी, कौ.ची, मधली बाकीच्या बायकांची. दोघी आल्या न्हाईत म्हणून बांधाकडची तीन मी लावली. दुपारी सा. जेवायला गेले. मी चिमूट मळली, दाढंत धरली, तसाच रोपं लावायला बसलो. भगोणं लांब होतं. उठायचा कंटाळा, दुसरं काही न्हाई. मान वर केली तर कौ. बघायली. लगेच खाली बघून कामाला लागली.

१७ सप्टें.
सा.नी बांधावर पत्र्याची पाटी ठोकली, इंग्रजीत मुलखाचं नाव. दुपारी चौघं हजर. पुढं शिरपत, माझ्या चुलत्याचा साडू. पाटी कुणाच्या नावाची? कुणी लावाय सांगितली? विद्यापीठाच्या नावावरून गेल्या महिन्यात काय काय पेटलं ते सगळ्यांनीच पाहिलंय. सा. म्हणाले, परदेशातला मुलूख आहे, तंबाखूचा. शिरपत म्हणाला, आमाला वाचता येत न्हाई ते नाव आमच्या शिवारात कशाला. सा. हसले. दिवस मावळायच्या आत त्यांनीच पाटी उपटून कोठीत ठेवली. एवढा शिकलेला माणूस भ्यालेला बघून मला लय भ्या वाटलं.

२६ सप्टें.
बांधाकडच्या रोपांवर डाग. फिक्कट, गडद, फिक्कट. सा. गुडघे टेकून बघत राहिले. रोगाचं नाव मोझॅक म्हणाले, मग नुसतं, "हातानं आलाय हा. कुणाच्या?"
सगळ्या बायका ऐकायल्या. संध्याकाळपर्यंत हॉटेलात हेच, कौसाचा हात लागला आन पीक नासलं. सा. बोलले तंबाखूच्या हाताबद्दल. गावानं घेतलं भलतंच. मी तिथंच बाकड्यावर होतो, चहा पीत. चहा संपवला आन घरी आलो.

२८ सप्टें.
कौ. असंल तर आमी येत न्हाई, म्हणून बायका घरी. शिरपत म्हणायलाय, वस्तीत जाऊन विचारू. मागं पल्याडच्या गावात असंच 'विचारायला' गेले होते. तिथं आता नुसती राख हाय.
कौ. बांधावर उभी होती. म्हणाली, "मुकादम, तुमी तिथंच होता. दुधात हात घातल्याबिगर एक तरी रोप धरलं का मी?"
न्हाई म्हणालो.
"मग सांगा की त्यांला."
बघतो म्हणालो. बघतो! माझ्या चंचीचं तिनं काढलंच न्हाई. काढलं असतं तर निदान तिच्यावर चिडता आलं असतं.

३० सप्टें.
सा.ना सांगून टाकलं. ते म्हणाले, "मालूम है. तिची तासं साफ आहेत, तुमची डागाळली. मला काय दिसत नाही?" मग गावाला सांगा म्हणालो. त्यांनी दार लोटलं. मग म्हणाले, मी सांगितलं तर लोक म्हणतील साहेब त्यांच्या बाजूचा, कोठी पेटवतील. रोगट रोपं जाळा, आठ दिवसांत निवतं सगळं.
बाहेर आलो तर जीव हलका झाला होता. नोकरी राहिली म्हणून. लाज वाटली, पण हलका झाला होता हे खरं.

२ ऑक्टो.
निवलं न्हाई. काल कौ.च्या नवऱ्याला पिठाच्या गिरणीवरून हाकलून दिलं, दळण तसंच परत. आज घरी बायकोला, राधेला, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, "आपण ह्या गावात राहिलो ते गप बसून. आता काय झालं तुमाला?" जेवलो न्हाई.

४ ऑक्टो., दिवेलागण
हॉटेलात बोललो. बाकड्यावरून उठून, सगळ्यांपुढं. तंबाखू मी खाल्ली, दुधात हात मी घातला न्हाई, रोग माझ्या हातानं आला.
सगळे हसले. मला वाटलं, सुटलो. शिरपत हसला न्हाई. कपबशी खाली ठेवून म्हणाला, "हे बोलायला कुणी लावलं तुला? वस्तीतलं कोण आलतं तुझ्याकडं?"
कुणी न्हाई म्हणालो. दोनदा म्हणालो. शिरपत आन त्याच्यासंगचे दोघं उठले आन गेले. रानाकडं का बौद्धवाड्याकडं, तिथून कळत न्हाई, पुलापर्यंत वाट एकच हाय.
कौ.ला माहीतच न्हाई मी बोललो ते. पोरांला घेऊन पूर्ण्याला भावाकडं जा, एवढं तरी तिला सांगायला पाहिजे. चप्पल घालून बसलोय. राधा दाराला पाठ लावून बसलीय, उठ म्हणलं तर उठंना.