संजनाची हाक

इंदिरानगर, नाशिक
११ सप्टेंबर २०२४

ती. भाग्यश्रीमावशीस,
दिशाचा सा. न. वि. वि.

फोन केला की रडू येतं, म्हणून लिहितेय. आमच्या स्पर्धेच्या सिनेमात माझ्या मैत्रिणीच्या, संजनाच्या अंगात अचानक अद्भुत शक्ती येते आणि तिचा मित्र राजू सगळं मोबाईलवर टिपतो. आपण बघतो ते राजूचंच शूटिंग, नंतर कुणाला तरी सापडलेलं. राजूचं काम मी भावालाच दिलं, आपल्या जीवनला. हललेलं चित्रही खपतं, म्हणून ही पद्धत मीच निवडली.

रविवारी खडकावरून उडी मारताना संजना खरंच पडली. पाय मोडलाय. ती ओरडत होती आणि आम्हाला वाटलं, काय काम करतेय! जीवन शूटिंग करतच राहिला. आता संकलन करणारा अमित म्हणतो, हाच तुकडा ठेवू, असं खरं पुन्हा मिळणार नाही. तुकडा तुला मोबाईलवर पाठवलाय. तू शाळेत नाटकं बसवतेस, तूच सांग.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी दिशा

इगतपुरी
१५ सप्टेंबर

चि. दिशास,
अनेक आशीर्वाद.

तुकडा पाहिला. दुसऱ्यांदा बघवेना. अशा सिनेमांत मला एक गोष्ट नेहमी खटकते. समोर मित्र संकटात असताना हा कॅमेरा खाली का ठेवत नाही? ठेवला तर सिनेमाच संपेल, म्हणून लिहिणारा त्याला ठेवू देत नाही. आणि धरणाऱ्याचा चेहरा तर दिसतच नाही. जीवनचा नुसता श्वास ऐकू येतो.

नीट ऐकलंस का गं? संजना ‘राजू’ म्हणत नाहीये. ती ‘जीवन, जीवन’ म्हणतेय.

अमितचं राहू दे. संजनाला विचारलंस? आणि जीवन जेवतो ना नीट? त्याला काय वाटतंय, याची तुझ्या पत्रात एक ओळ नाही.

तुम्हा दोघांना जवळ घ्यावंसं वाटतंय.
तुझी मावशी

इंदिरानगर
२९ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मला ते ऐकू आलं नव्हतं. जीवनला आलं होतं. त्याला वाटलं, ती नाव चुकली, आवाज नंतर भरून घेऊ. हे सांगताना तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

आम्ही संजनाकडे गेलो. तिने तुकडा शेवटपर्यंत पाहिला. मग जीवनला म्हणाली, मी हाक मारल्यावर तू जवळ आलास, मला वाटलं उचलायला आलास. तू माझा चेहरा जवळून घ्यायला आला होतास.

आम्ही तिच्यासमोरच तुकडा पुसला, अमितलाही पुसायला लावला. तो चिडला, बोलत नाही. सिनेमा स्पर्धेला दिलाच नाही.

संजना जीवनशीही बोलेना. तरी तो रोज जायचा, दाराजवळच्या खुर्चीत बसून परत यायचा. काल मीही होते. तिला उठायचं होतं. त्याच्याकडे न बघताच तिने कुबड्या मागितल्या. उभं राहताना तिचा तोल गेला, तसा तो धावला. तिने धरू दिलं, खिडकीपर्यंत. मग हात सोडवून घेतला.

दिवाळीला ये. फोनवर नको, समोर बसून बोलायचंय.
तुझी दिशा