सायकलवरून उतरणार नाही

काटेवाडी, गुरुवार, कार्तिक वद्य पंचमी

सायकलच्या साखळीचं तेल आलं, सहा आणे. तेल घातलं, जीव खाऊन पायडल मारलं, तरी बारामतीच्या शिवणवर्गाला आज पुन्हा उशीर. बाई म्हणाल्या, आता एकदा जरी उशीर झाला तर नाव कमी करीन. सासूबाई हसल्या, "बाईमाणसाच्या पायात कुठनं यायचा येवढा जोर!"

जोर? ओढ्याचा चढ मी न उतरता चढते. उतरते ती माणसांसाठी. वाटेत थोरलं कुणी दिसलं की खाली उतरायचं, पदर सावरायचा, वाकायचं, मग पुन्हा टांग टाकायची. वेळ जातो तो इथं! आज भावकीतल्या तात्यांसाठी उतरले, तर म्हणतात, "आगं सूनबाई, चालतच जायचं तर सायकल कशापायी?"

वाटेतल्या देवळातल्या मारुतीला मी सायकलवरूनच मनोमन हात जोडते. त्याला पोचतं, मग माणसांना का पोचू नये?

उद्यापासून मान लववीन, राम राम म्हणेन. पाय थांबणार नाहीत. बोलतील. बोलू देत.

इंदापूरला वडिलांना आत्ताच कार्ड लिहिलं: "आप्पा, पुढच्या आठवड्यात तुम्ही इकडे याल. वाटेत भेटलात तरी मी सायकलवरून उतरणार नाही. राग येणार असेल तर उलट टपाली कळवा."