बाबांचा पाय

प्रिय तिलेकदादा,

हे पत्र तुझ्यापर्यंत येणार नाही. बाबांनी मला शपथ घातली आहे. पण मी दमले आहे, आणि कुणाला तरी सांगायलाच हवं.

गेल्या आठवड्यात अंगणात गालिच्यासाठी लोकर दाबून नमदा केला. लोकर चटईत गुंडाळून आम्ही बायकांनी वरून उकळतं पाणी ओतलं. लाथांनी गुंडाळी लोळवायला बाबा सगळ्यांच्या पुढे, तेही अनवाणी. "अरे, लाथा मारताय की बाळ थोपटताय?" म्हणून पोरांना चिडवत होते. पाणी पायावरून वाहिलं तरी त्यांचं हसणं थांबलं नाही. शेवटी सोनुनकाकू किंचाळल्या, "अहो, कातडी सोलली की!"

नारीन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पायाच्या मज्जापेशी पाठीच्या कण्याजवळ असतात. त्यांचा तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत जातो. रक्तात वर्षानुवर्षं साखर राहिली की हे सगळ्यांत लांब तंतू आधी सुकतात. मग चटक्याचा निरोप वर पोचतच नाही."

"बरं झालं, कटकट मिटली," बाबा म्हणाले. बाई हसल्या नाहीत. जखम चिघळली आहे. सोमवारी दोन बोटं कापतील, पाऊल वाचेल की नाही ते नंतर कळेल.

"तिलेक कझानची नोकरी सोडून धावत येईल. ब्र काढू नकोस," असं त्यांनी मला बजावलंय.

रविवारी तुझा फोन येईल. "कुठे दुखत नाही ना?" असं तू विचारशील आणि ते म्हणतील, "मुळीच नाही." ते खरंच असेल. मग फोन माझ्याकडे देतील, आणि तू विचारशील, "घरी सगळं ठीक ना?"

'हो' म्हणायची तालीम मी कालपासून करते आहे.

तुझी,
बर्मेत